मोहर आला, थंडी मागून आली

(दृश्य: दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग, ऑक्टोबर २०२४. हातमोजे, डबा, काडीवर लाल ठिपके.)

छाटणी झालेली बाग. मांडवावर पान नाही, नुसत्या काड्या. काडीवरचा एकेक डोळा शोधून त्याला पेस्ट लावायचं काम चाललंय. डब्यात हायड्रोजन सायनामाइड आहे आणि त्यात लाल रंग. रंगाचा वेलीला काही उपयोग नाही. कुठला डोळा राहून गेला ते लांबून कळावं, एवढ्यासाठीच तो.

थंड देशात द्राक्षाची वेल हिवाळाभर झोपते. पानं गाळते, बर्फ सोसते. पुरेशी थंडी अंगावर घेतली की आतलं कुलूप उघडतं आणि उबदार दिवस लागताच सगळे डोळे एकदम फुटतात. नाशिकची थंडी एवढ्या कामाला पुरत नाही. इथली वेल नीट झोपतच नाही, मग ती धड जागी तरी कशी होणार? छाटून तशीच सोडली तर टोकाचे दोन-तीन डोळे फुटतील आणि बाकीचे बसून राहतील. म्हणून एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे काड्या वाढवायची, ऑक्टोबरात गोड्या बहाराची, म्हणजे फळाची छाटणी, आणि छाटल्या पावली ही पेस्ट. आठवड्या-दहा दिवसांत सगळी बाग पोंग्यात येते, म्हणजे डोळे फुगून कोंब दिसू लागतात.

औषध जहाल आहे. कातडीला लागू द्यायचं नाही, आणि पेस्टच्या दिवसांत दारूला शिवायचंसुद्धा नाही, जिवावर बेततं. मुकादम टोळीला आधी हे सांगतो, उक्त्याचा दर मग.

(दृश्य: पिकअपमध्ये चढणारी टोळी. सावळघाटातली वळणं, दोन्ही बाजूंना पिवळं पडत चाललेलं भात.)

ही टोळी पेठ तालुक्यातली. भात निसवलं की द्राक्षाच्या छाटणीला उतरायचं, कापणीला घरी यायचं, खळं आवरलं की पुन्हा थिनिंगला, घडातले मणी विरळ करायला, खाली जायचं. दुसऱ्याच्या वेलीला वेळेवर उठवण्यात यांचा हात धरणारं कोणी नाही. पिकअपमध्ये मागच्या बाजूला बसलेलं जोडपं लक्षात ठेवा. यांची स्वतःची बाग आता येते आहे.

(दृश्य: डोंगरउतारावर केशर आंब्याच्या चार ओळी. बांधावर एक जुनं, अवाढव्य झाड. डिसेंबर.)

चार ओळी केशर आणि बांधावर एक रायवळ, म्हणजे गावठी आंबा. रायवळ कोणी लावला ते घरात कोणालाच आठवत नाही. केशर मात्र लावल्याचं सगळ्यांना आठवतं. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९०-९१ मध्ये आली आणि महाराष्ट्रभर उतारांवर कलमं चढली. नागली-वरईच्या रानात पैसा देणारं झाड आलं. चांगलंच झालं.

(दृश्य: फांदीचं टोक, अगदी जवळून. फुगलेला डोळा.)

इथे जरा थांबू. हा डोळा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातला आहे.

आंबा द्राक्षासारखा पानं गाळून झोपत नाही. पावसाळ्यात आलेली पालवी चार-सहा महिने पिकते, जून होते आणि टोकाचा डोळा मिटून बसतो. त्या डोळ्यातून पुन्हा पालवी निघायची की मोहर, हे तेव्हा ठरलेलं नसतं. ते ठरवते थंडी. रात्री गार पडू लागल्या की जून पानांतून टोकाकडे निरोप जातो आणि डोळा मोहराचा होतो. रात्री उबदार राहिल्या तर त्याच डोळ्यातून तांबूस पालवी येते. कधी दोन्ही एकाच तुऱ्यात येतात, खाली पानं आणि वर फुलं. झाडाचंच मन द्विधा झाल्यासारखं.

म्हणजे गारठ्याने ठरवायचं आणि उबेने फुटायचं. मधला काळ झाडाने दम धरायचा. पेठच्या डोंगरावर हा दम साधारण जानेवारीपर्यंत टिकायचा.

२०२४ चा ऑक्टोबर १९०१ पासूनचा देशातला सर्वांत उष्ण ऑक्टोबर ठरला. नोव्हेंबरच्या शेवटी थंडी पडली, तीही थोडेच दिवस. ३० नोव्हेंबरला फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आलं, त्याचे ढग इकडे महाराष्ट्रावर आले आणि डिसेंबर लागतालागता रात्री पुन्हा उबदार झाल्या. नोव्हेंबरच्या गारठ्याने मोहराचा निरोप पोचवलाच होता. डिसेंबरच्या उबेने दार उघडलं.

(दृश्य: पूर्ण मोहरलेल्या केशरच्या चारही ओळी. माश्यांचा आवाज.)

डिसेंबर सरताना ही बाग अशी दिसत होती. आमच्या कॅमेऱ्याला याहून सुंदर काही मिळालं नाही, हे कबूल करायला हवं. बागेची मालकीण मात्र झाडाखाली उभी राहून तोंडावर पदर धरून होती. वासाने डोकं चढतं म्हणाली, आणि हा वास माघातला आहे, आत्ताचा नव्हे.

(दृश्य: भिंगाखाली एक फूल.)

फूल ज्वारीच्या दाण्याएवढं. पाच पाकळ्या, आणि बहुतेक फुलांत कामाचा पुंकेसर एकच. त्याचं टोक आधी गुलाबी असतं, परागकण तयार झाले की जांभळट होतं. एका तुऱ्यात अशी हजारावर फुलं असतात. बरीचशी नुसती नर, थोडी द्विलिंगी, आणि फळ धरलं तर त्या थोड्यांवरच. एवढ्या फुलांतून एखादा आंबा हाती लागला तरी झाडाने काम चोख केलं म्हणायचं.

या एका पुंकेसराला थंडी सोसत नाही. परागकण घडत असताना रात्री फार गारठल्या की ते पोकळ निघतात. आणि डिसेंबरच्या मध्याला थंडी उलटून आली होती. निफाडजवळच्या कुंदेवाडीला, गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, ते रोज बातम्यांत सांगत होते. शेकोट्यांची दृश्यं आपण सगळ्यांनी पाहिली. डोळे मिटलेले असते तर हीच थंडी या झाडांना मानवली असती.

(दृश्य: जानेवारी. एकाच फांदीवर वाटाण्याएवढी फळं आणि शेजारी कोवळा तुरा.)

आता हे नीट बघा. डाव्या बाजूला पहिल्या मोहराची फळं आहेत, ज्वारीएवढी होती ती वाटाण्याएवढी झालेली. उजवीकडे नवा तुरा. थंडी लांबली आणि झाडाला पुन्हा मोहरायचा निरोप गेला. याला पुनर्मोहर म्हणतात. कोकणातले हापूसवाले या शब्दाला वचकून असतात. झाडाची साठवण तेवढीच असते आणि नवा तुरा ती आपल्याकडे ओढतो. मग जुनी फळं देठाशी पिवळी पडतात.

(दृश्य: झाडाखालची जमीन. निवेदन नाही.)

त्यात २०२५ चा फेब्रुवारी आला, देशातला १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. पुनर्मोहराला धरलेलंही बरंच गळालं. बागेच्या भरवशावर काढलेली उसनवारी फेडायला हे जोडपं त्या वर्षी द्राक्षाच्या काढणीलाही खाली थांबलं.

(दृश्य: बांधावरचा रायवळ, खालून वर.)

आणि हा. याच डोंगरावर, याच हवेत उभा. डिसेंबरात याने ढिम्म हालचाल केली नाही. जानेवारीत पूर्वेच्या एका फांदीला थोडा मोहर. बाकीचं झाड फेब्रुवारीपर्यंत हिरवंगार.

केशरचं प्रत्येक कलम म्हणजे तेच झाड पुन्हा. फळ सारखं, रंग सारखा, आणि जाग येण्याची वेळही सारखी. एक फसलं की सगळी ओळ फसते. रायवळ कोयीतून उगवतो. दोन कोयी एका झाडाच्या असल्या तरी दोन झाडं दोन स्वभावाची. म्हणून तर गावात प्रत्येक झाडाला वेगळं नाव असतं, खोबऱ्या, शेंदऱ्या, साखऱ्या. एक पौषात मोहरतो, दुसरा फाल्गुनापर्यंत ताणतो. पूर्वी बांधाबांधावर असे पाच-सात असायचे. एखाद्याला हवा बाधली तरी दुसरा हाताशी असे. रायवळला बाजारात भाव नाही, हे खरं. लोणच्यापुरता आणि पोरांच्या दगडांपुरता तो राहिला. पण आम्ही या घाटात पाच वेळा गेलो आणि त्यांतल्या दोन वेळा रायवळाचे ओंडके भरलेला ट्रक उतरताना पाहिला. तेव्हा कॅमेरा पिशवीत होता.

(दृश्य: बुधवार, २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर बेल विकणाऱ्या बायांची रांग.)

आपल्याकडे महाशिवरात्रीला महादेवाला बेलाबरोबर आंब्याचा मोहर वाहतात. पहाटेपासून रांग लागली आहे. बेल भरपूर, मोहराच्या जुड्या थोड्या. पेठची ही बाई टोपली घेऊन बसली आहे ती बांधावरच्या झाडाचा मोहर घेऊन. दोन जुड्या केशरच्याही आहेत, तळाशी.

(दृश्य: टोपली, वरून.)

गिऱ्हाइकाने तळातली जुडी उचलली, पाहिली आणि परत ठेवली. मोहर झडलेला, काड्यांना वाटाण्याएवढ्या दोन कैऱ्या. बाईने ती जुडी टोपलीतून काढून पिशवीत टाकली आणि वरची दिली.