फ्रान्सच्या आडवाटा आणि गावाचे घड्याळ

कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, प्रवासाविषयी बोलताना ‘वाटेल तिथे थांबावे’ असे सर्रास म्हटले जाते. फ्रान्सच्या ग्रामीण भागापुरते हे अर्धेच खरे आहे आणि आज मला उरलेल्या अर्ध्याविषयी बोलायचे आहे. तिथला निवांतपणा आपोआप लाभत नाही. त्यामागे लहानलहान गावांनी मन लावून केलेली व्यवस्था आहे.

फ्रान्समध्ये सुमारे ३५,००० कम्यून, म्हणजे स्थानिक कारभाराचे सर्वांत लहान घटक, आहेत. पॅरिस हे जसे एक कम्यून, तसेच शे-दोनशे वस्तीचे खेडेही, आणि प्रत्येकाला स्वतःचा महापौर असतो. ज्या खेड्यातील बेकरी आणि किराणा दुकान जेमतेम तग धरून असते, त्याला मुक्कामी येणारा प्रवासी हवाच असतो. म्हणून असंख्य गावांनी ‘एर’ नावाचे थांबे बांधले आहेत : तिथे पिण्याचे पाणी भरावे, सांडपाणी आणि शौचालयाची टाकी रिकामी करावी आणि फुकट किंवा अल्प दरात रात्र काढावी. काही ठिकाणी पाण्याच्या यंत्रात घालायचे टोकन बेकरीतच मिळते. आता टोकनासाठी आत गेलेला माणूस पाव न घेता बाहेर पडेल, हे जरा अवघडच! मात्र उभ्या गाडीत झोपणे वेगळे आणि बाहेर खुर्च्या मांडून छत ताणणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला तळ ठोकणे समजतात आणि त्यासाठी कॅम्पिंगची जागाच गाठावी लागते.

शेतकऱ्यांनीही आपली दारे उघडली आहेत. १९९३ साली सुरू झालेल्या ‘फ्रान्स पासिओं’ या योजनेत द्राक्षबागायतदार, चीज करणारे आणि मधपाळ आपल्या आवारात सभासदांना एक रात्र विनामूल्य राहू देतात. गाडीत स्वतःचे शौचालय हवे, आल्यावर आणि निघताना यजमानाला भेटावे, एवढीच अपेक्षा असते. खरेदीची सक्ती नसते. तरीही नैर्ऋत्य फ्रान्समधील काऑर शहराच्या परिसरात मालबेक द्राक्षांची गडद वाइन चाखून रिकाम्या हाताने निघणारा विरळाच.

या प्रवासाला मी नैर्ऋत्य फ्रान्समधील दॉर्दोन्य नदीचे खोरे सुचवीन. बेनाक आणि कास्तेलनो हे दोन किल्ले नदीच्या दोन काठांवर समोरासमोर उभे आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात त्यांतील एक फ्रेंचांकडे, तर दुसरा बराच काळ इंग्रजांकडे होता. जवळच्या सार्ला गावात बुधवारी आणि शनिवारी बाजार भरतो, तेव्हा मुक्कामाची आखणी त्या वारांभोवतीच करावी. दुपारी बारा ते दोन खेड्यांतील बहुतेक दुकाने बंद असतात. याचा त्रागा करणारे पर्यटक असतात. मला ती सक्तीची विश्रांती या प्रवासाचा गाभाच वाटते.

रस्त्यांबाबत सांगायचे तर टोलचे महामार्ग टाळावेत. दोन मीटरपेक्षा उंच गाडीला तिथे अधिक टोल पडतो, शिवाय खेडी दिसतच नाहीत. ‘डी’ अक्षराच्या जिल्हा रस्त्यांवर २०१८ पासून साधारणतः ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली. आपल्याकडून जाणाऱ्या चालकाला उजव्या बाजूने गाडी हाकण्याची सवय लवकर होते. त्याहून अवघड आहे ती उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्याची पद्धत. चौकात वेगळी खूण नसेल, तर उजवीकडच्या बोळातून निघालेल्या ट्रॅक्टरचा हक्क पहिला असतो आणि तो बजावताना त्याचा चालक सहसा कचरत नाही.