कीर्द-खतावणीतलं सत्तावन

(सार्वजनिक वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

अध्यक्षमहोदय, कार्यकारिणीचे सदस्य आणि मंडळी,

‘अलीकडे आवडीनं वाचलेली पुस्तकं’ यावर बोला, असं मला सांगण्यात आलंय. माझी सगळी नोकरी सहकारी संस्थांची दप्तरं तपासण्यात गेली. पतपेढ्या, दूधसंस्था, सोसायट्या. रोज वाचतच होतो, पण आवडीनं नव्हे. निवृत्तीनंतरचे पहिले काही महिने तर पान संपलं की नजर आपोआप तळाशी बेरीज शोधायची. ती खोड पूर्ण गेलेली नाही, हे आधीच कबूल करतो. आज जे बोलणार आहे त्यात ती दिसेल.

सुरुवात एका न वाचलेल्या पुस्तकापासून करतो. नाव घेत नाही. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, आपल्याच कपाटातली. शे-सव्वाशे पानांनंतर मिटली. लढाया भरपूर, तलवारी भरपूर, आणि जो तो नाटकातल्यासारखा बोलतो. पण एवढ्या फौजेच्या घोड्यांना दाणावैरण कोण पुरवतं, पैसे कुणाचे, उधारी किती, याचा पत्ता नाही. ज्या संस्थेच्या दप्तरात किरकोळ खर्चाचं खातंच नसतं, तिथे काहीतरी लपवलेलं असतं, हा माझा अनुभव. म्हटलं, परत करू आणि दुसरं काहीतरी घेऊ.

ते दुसरं काहीतरी म्हणजे ‘माझा प्रवास’. विष्णुभट गोडसे यांचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत त्यातला एखादा उतारा वाचला असेल. मीही तेवढाच वाचला होता. झाशीची राणी, तोफा, वेढा वगैरे. सबंध पुस्तक वाचलं तेव्हा लक्षात आलं, की या माणसाला बंडाशी काडीचं देणंघेणं नव्हतं. देणं होतं ते सावकाराचं. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक. घरावर कर्ज. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, असं कानावर आलं आणि काकांना बरोबर घेऊन १८५७ साली हा गृहस्थ उत्तरेकडे निघाला. मुहूर्त बघूनच निघाला असणार. आणि साल बघा!

वाटेत शिपाई भेटतात, गडबड होणार असल्याचं सांगतात. तरी काका-पुतणे पुढेच जातात. लोक याला धाडस म्हणतात. मला तसं वाटत नाही. रिकाम्या हातानं परतलं तर दारात तोच सावकार उभा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी असे कर्जदार बघितलेत. पूर आलेला असताना नदी ओलांडून हप्त्याची मुदत वाढवून मागायला येणारे.

वाचनालयाच्या प्रतीत एक गंमत आहे. आधीच्या कुणा वाचकानं पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या आहेत. जिथे जिथे राणी येते तिथे रेघ. राणीचा घोडा, राणीचा पोशाख, राणीची दिनचर्या, सगळीकडे रेघा. दक्षिणा कुठे किती मिळाली, कुठे पंगत झाली, कुठे कुणी हात आखडता घेतला, तिथे कोरं. मी नेमकं ते कोरं वाचत गेलो. आणि मंडळी, फार आनंद झाला. भटजींना सगळं आठवतं. आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना डोळ्यांसमोर घडत असताना हा माणूस पैका जपून कसा ठेवायचा या विवंचनेत आहे.

मग १८५८च्या एप्रिलमध्ये इंग्रज झाशीत शिरतात. इथे मात्र माझी बेरीज-वजाबाकी थांबली. गोडसे शहरातच अडकले होते, लपून बसले होते. कत्तल, लूट, जाळपोळ. राजवाड्यातल्या पुस्तकसंग्रहाचा जो नाश झाला तो सांगताना हा भिक्षुक जसा हळहळतो, तसा स्वतःचे पैसे गेल्यावरही हळहळत नाही. ते पान मी दोनदा वाचलं. पोथ्या गेल्या त्याचं दुःख पोथ्या वाचणाऱ्यालाच कळणार.

आणि पुढे काल्पीच्या वाटेवरची ती विहीर. रेघ मारणाऱ्या वाचकानं इथे दुहेरी रेघ मारलीय. राणी मोजक्या स्वारांनिशी येते, पठाणी पोशाख, अंगभर धूळ, तहानेनं जीव कासावीस. भटजी ओळखतात, पाणी काढून द्यायला पुढे होतात. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही माझ्यासाठी पाणी काढू नका. स्वतः मडक्यानं पाणी काढते आणि ओंजळीनं पिते. मग जे बोलते त्यात अर्ध्या शेर तांदळाचा हिशेब आहे. मला एकटीला तेवढे पुरले असते, या उद्योगाची मला काय गरज होती, पण धर्माचा अभिमान धरून यात पडले, अशा अर्थाचं.

आता ऑडिटर म्हणून विचाराल, तर या प्रसंगाला व्हाउचर नाही. साक्षीदार एकटे गोडसे, आणि तेही पंचवीस वर्षांनी आठवून लिहिताहेत. तरी मी ही नोंद मंजूर करतो. कारण खोटं रचणाऱ्यानं राणीच्या तोंडी नुसता धर्माचा अभिमान घातला असता. अर्धा शेर तांदूळ कुणाला सुचला असता?

हे हस्तलिखित लिहून घेतलं चिंतामणराव वैद्यांनी. सरकारची भीती, म्हणून गोडसे हयात असेपर्यंत छापलं नाही. १९०७ साली छापलं ते भाषा वगैरे नीटनेटकी करून. मूळ जसंच्या तसं लिखाण दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढलं. दोन्ही मिळाली तर मूळचंच वाचा. खाडाखोड केलेली कीर्द आणि दुरुस्त करून उतरवलेली कीर्द यातली खरी कुठली, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच आठवड्यात बायकोनं ‘स्मृतिचित्रे’ आणलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं. ती वाचत असताना मी मधूनमधून हिसकावून घ्यायचो. शेवटी ती म्हणाली, तुम्हीच आधी संपवा. पहिल्याच पानांत मी चमकलो. लक्ष्मीबाईंच्या आजोबांना सत्तावनच्या बंडात फाशी झाली. त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. बाजारातून आलेली चीज धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. धान्य धुवा, वाळवा, पुन्हा शिवाशिव झाली तर पुन्हा धुवा. घरातल्या बायकांचे हाल विचारू नका.

बघा, म्हणजे मी सत्तावनातून बाहेर पडून दुसऱ्या पुस्तकात शिरलो आणि तिथेही सत्तावनच. फक्त इथे तोफ नाही, ओलं धान्य आहे. इतिहासाच्या पुस्तकात बंड मोडलं आणि कंपनीचं राज्य जाऊन व्हिक्टोरिया राणीचं आलं, की प्रकरण मिटतं. नाशिकजवळच्या जलालपूरच्या एका घरात ते पुढे कितीतरी वर्षं रोज सकाळी धुतलं जात होतं. आणि या लक्ष्मीबाईंचं माहेरचं नाव काय, तर मनकर्णिका. झाशीच्या राणीचंही तेच, आणि सासरचं नावही दोघींचं एकच. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण वाचणाऱ्याला असे योगायोग सापडले की दिवस चांगला जातो.

लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणजे कवी नारायण वामन टिळक. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. आधी नवरा-बायकोची ताटातूट, मग पुन्हा एकत्र येणं, पण बाईंचं सोवळं सुटलेलं नाही. म्हणजे नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, चूल वेगळी, पाणी वेगळं. हे सगळं ही बाई हसत सांगते. स्वतःवर हसते, नवऱ्यावर हसते, पण नवऱ्याला लहान करत नाही. पुढे एक दिवस एकटीच बसलेली असताना जातिभेद देवानं केला की माणसानं, असा विचार तिच्या मनात सुरू होतो आणि माणसानंच केला, असा निकाल ती स्वतःपुरता देऊन टाकते. कुणाचं भाषण नाही, कुणाचा ग्रंथ नाही. वडिलांच्या घरी धान्य धुणाऱ्या मुलीनं हा निकाल दिला, हे लक्षात ठेवून ते पान वाचा. सन १९००मध्ये तिनं बाप्तिस्मा घेतला. मला तरी खरं धर्मांतर त्या आधीच्या पानावर झालेलं वाटतं.

शाळा नाही, शिक्षण नवऱ्याकडून जेमतेम, आणि मराठी अशी, की आपल्या आजीनं ओट्यावर बसून बोलावं. मी ऑफिसात जन्मभर ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ लिहीत आलो. हे पुस्तक वाचताना त्याची लाज वाटली.

आता तुम्ही म्हणाल, लेखक नसलेल्यांचंच कौतुक चाललंय. तर लेखकाचंही एक सांगतो. ‘बनगरवाडी’. व्यंकटेश माडगूळकर, १९५५. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला एक पोरसवदा मास्तर. तिसऱ्यांदा वाचलं. वाडीची माणसं श्रमदानानं तालीम बांधतात आणि खुद्द राजाला बोलावतात, ते मला पूर्वी सगळ्यात आवडायचं. या वेळी शेकूच्या बायकोपाशी थांबलो. बैल नाही, म्हणून ती जुवाला खांदा लावते. माडगूळकर त्यावर एक अवाक्षर जास्त बोलत नाहीत. शेवटी दुष्काळ येतो, वाडी उठते, आणि मास्तरही निघतो. लेखक असून इतकं गप्प बसणं फार थोड्यांना जमलंय.

तेव्हा पुन्हा गोडसे भटजींकडे येतो आणि थांबतो. अडीच-तीन वर्षांनी ते वरसईला परतले. मिळालेलं बरंचसं वाटेत लुटलं गेलेलं. बरोबर काय, तर आईवडिलांना स्नान घालायला काशीहून खांद्यावर आणलेली गंगेची कावड. मी ताळेबंद मांडून बघितला. जमेच्या बाजूला ही कावड कुठल्या खात्यात घालायची ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि ग्रंथपालबाई, त्या प्रतीत ज्या पानावर कावड येते तिथे मीही पेन्सिलीची एक बारीक रेघ मारलीय. दंड असेल तो भरतो, पण पावती द्या.