माळ्यावरचा ड्रमसेट

(दृश्य: पंचवटीतला जुना वाडा. पडवीत ड्रमसेटचे सुटे भाग. बाहेर पाऊस.)

आत्ता ऐकलात तो या सेटचा आवाज. रिकामा डबा बडवावा तसा, आणि प्रत्येक ठोक्यामागे बारीक खुळखुळ. या वाड्याच्या माळ्यावर तो अकरा वर्षं पडून होता. माझ्या मामाच्या ऑर्केस्ट्राचा सेट: पायाने वाजवायचा २२ इंची बेस ड्रम, काडीने वाजवायचे तीन टॉम, खाली तारा ताणलेला १४ इंची स्नेअर. "नवा घे," सगळे म्हणाले. मला हाच वाजवायचा होता.

ढोलाचं चामडं पावसात उतरतं, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको. ड्रमवरही पूर्वी वासराचं कातडंच असायचं. १९५७ च्या सुमारास कातड्याच्या जागी पॉलिस्टरची पानं आली आणि पावसाची भीती गेली. म्हणूनच लोक ती वर्षानुवर्षं बदलत नाहीत. पण पॉलिस्टरही थकतं. स्नेअरच्या या पानावर बोट फिरवलं की मधोमध खळगे लागतात. तिथे ते ताणून गेलंय, आता सुरात लागणार नाही.

सगळा सेट खोलला. खुळखुळ सापडली ती स्क्रू ज्यात बसतात त्या लगमध्ये. प्रत्येकाच्या पोटात एक छोटी स्प्रिंग, ठोक्यासरशी थरथरणारी. तिच्याभोवती कापूस भरला, स्क्रूंना शिलाई मशीनचं तेल दिलं.

(दृश्य: अंधारी खोली. काचेवर पालथा टॉम, आत पेटती बॅटरी.)

हे मात्र नीट बघा, कारण आवाज बिघडतो तो बहुतेक इथेच. शेलची, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाची, जी कड पानाला टेकते, ती सगळीकडे एका पातळीत हवी. जाड काचेवर टॉम पालथा ठेवला, आत बॅटरी पेटवली, खोलीतले दिवे घालवले. कडेखालून जिथे उजेडाची रेघ बाहेर येते, तिथे पान टेकतच नाही. या टॉमला दोन ठिकाणी रेघ दिसली. काचेवर बारीक पॉलिश पेपर चिकटवला, शेल हलक्या हाताने गोल फिरवलं, दर चार फेऱ्यांनी पुन्हा उजेड पाहिला. दाब द्यायचा नाही. कडेचा उतार बोथट झाला की पान मोकळं वाजत नाही. पहिल्या टॉमला मी घाई केली, आणि तो उतार सुताराकडून पुन्हा काढून घ्यावा लागला. शेवटी कडेवरून मेणबत्ती फिरवली. मेणावरून पान सरकतं आणि आपली जागा धरतं.

ड्रम लावणं तबला लावण्यासारखंच. तबलजी एक घर चढवलं की समोरचं बघतो. इथेही आधी सगळे स्क्रू बोटांनी, मग चावीने समोरासमोर, अर्धा अर्धा फेरा. प्रत्येक स्क्रूपासून इंचभर आत काडीने हलकेच वाजवून ऐकायचं. एक जागा जरी खाली बोलली तरी अख्खा ड्रम घोगरा होतो. स्नेअरचं खालचं पान मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ असतं. तिथे हात फार जपून.

बेस ड्रममध्ये आजीची जुनी गोधडी घातली, दोन्ही पानांना जेमतेम टेकेल अशी घडी करून. लांबत जाणारा घुमारा गेला, नेमका धप्प आला.

पैसे गेले ते फक्त दोन नव्या पानांवर, स्नेअरचं वरचं आणि बेसचं पेडलकडचं. 

सिंबलना, म्हणजे सेटच्या झांजांना, मात्र इलाज नाही. या पितळेच्या, तांबट लेनमधल्या पितळी हंड्याच्या जातीच्या. चांगली सिंबल काशाची असते: ८० भाग तांबं, २० भाग कथील. तळपायाला तूप लावून घासायची काशाची वाटी घरात असेल, तर तिच्यावर टिचकी मारून बघा, किती वेळ बोलत राहते. माझी पुढची बचत तिथेच जाणार आहे.

(दृश्य: संध्याकाळ. जुळवलेला सेट.)

काल मामा आला. सेटभोवती एक फेरी मारली, चावी मागितली, मधला टॉम किंचित उतरवला. मग काही न बोलता बसला, आणि हे वाजवलं.

(पुढे निवेदन नाही. फक्त ड्रम.)