शेवटची गाडी चुकली तर

नमस्कार श्रोतेहो. टोकियो रात्री झोपत नाही, असं तुम्ही ऐकलं असेल. मीही ऐकलं होतं. त्या ऐकीव माहितीवर विसंबून आम्ही चौघी मैत्रिणी जूनमधल्या एका शुक्रवारी संध्याकाळी शिबुया स्टेशनवर उतरलो. शहर जागं असतं हे खरंच आहे. पण तिथल्या रेल्वेगाड्या मात्र झोपतात, आणि गाड्या झोपल्या की त्या जाग्या शहरात तुम्ही अडकून पडता.

भेटायचं ठरलं होतं हाचिकोपाशी. हाचिको म्हणजे स्टेशनाबाहेरचा कुत्र्याचा पुतळा. त्याचे मालक, प्राध्यापक उएनो, १९२५ साली वारले, तरी पुढे जवळजवळ दहा वर्षं हा कुत्रा त्यांची वाट बघत स्टेशनवर येत राहिला. १९३४ साली पुतळा बसवला तेव्हा स्वारी स्वतः हजर होती. पुढच्या वर्षी तो गेला. युद्धाच्या काळात पुतळा वितळवला गेला, आता दिसतो तो १९४८ सालचा. वाट बघण्याचं एवढं मोठं स्मारक, म्हणून अख्खं शहर तिथेच भेटतं आणि म्हणूनच तिथे कुणी कुणाला सापडत नाही. आम्ही एकमेकींपासून दहा पावलांवर उभ्या राहून वीस मिनिटं फोनवर ओरडत होतो, "अगं, मी शेपटीकडे आहे, तू कुठे आहेस?"

आमच्यातली एक सहा वर्षं टोकियोत नोकरी करते. तिने आम्हाला आधी एका इझाकायात नेलं. घोट घेत, थोडंथोडं खात, तासन्‌तास बोलत बसायची ही जागा. बसल्याबसल्या एक छोटी वाटी समोर आली. "आपण हे मागवलं नव्हतं," मी म्हटलं. "याला ओतोशी म्हणतात. मागवायची नसते, पण पैसे बिलात लागतात," ती म्हणाली. थोडक्यात, बसण्याचं भाडं. मला आधी राग आला, मग पटलं. जपानमध्ये टीप द्यायची पद्धत नाही. उठताना कुणाला किती ठेवायचे या अवघडलेपणापेक्षा ही उघड वाटी परवडली.

दुसरी रीत जास्त धोक्याची. आपला ग्लास आपण भरायचा नाही. तुम्ही शेजारणीचा भरायचा, ती तुमचा भरते. त्यामुळे किती झालं याचा हिशेब कुणाकडेच राहत नाही. आमच्यातली एक मुळीच पीत नाही. ती गार ऊलाँग चहा घेऊन बसली होती. रंगाने तो थेट व्हिस्कीसारखा दिसतो, त्यामुळे सगळ्यात पट्टीची पिणारी तीच वाटत होती.

बिल चौघींत सारखं वाटून बाहेर आलो, आणि आता त्या रात्रीतली माझी सगळ्यात आवडती वेळ सांगते. फुटपाथवर नुसतं उभं राहायचं. जायला हवं असं सगळ्या म्हणतात, पाय कुणाचेच हलत नाहीत. आजूबाजूला ऑफिसातल्या माणसांचेही असेच घोळके. कुणीतरी "निजिकाई?" म्हणतं. निजिकाई म्हणजे दुसरी बैठक. तिसरीलाही नाव आहे, सानजिकाई. ज्या भाषेने बैठकांना असे क्रमांक दिले, तिला मित्रमंडळी नीट कळलेली आहेत.

आमची दुसरी बैठक कराओकेची. कारा म्हणजे रिकामा, ओके हे ऑर्केस्ट्राचं तुटलेलं रूप. वाद्यं आहेत, गाणारा नाही. तिथे छोटी बंद खोली तासावर मिळते, म्हणजे बेसूर गाण्याची शोभा आपल्या माणसांपुरतीच.

पावणेबाराला जाणकार मैत्रीण म्हणाली, "शूदेन." शेवटची गाडी. आणि मी म्हणाले, "एकच गाणं." हो, मीच म्हणाले. आम्हाला वाटलं होतं, यामानोते लाइन तर उशिरापर्यंत चालते. ही गोल फिरणारी लाइन, ३४.५ किलोमीटरची, ३० स्टेशनांची. तिच्यावर मध्यरात्रीनंतरही गाडी मिळते, पण फसगत तिथेच आहे. आमचा मुक्काम होता त्या वर्तुळाच्या बाहेर, आणि पुढच्या लाइनची शेवटची गाडी तोवर गेलेली. शिवाय २०२१ च्या वसंतात तिथल्या बऱ्याच लाइनींनी शेवटच्या गाड्या आणखी अलीकडे आणल्या. महासाथीत रात्रीचे प्रवासी घटले होते, आणि रुळांची दुरुस्ती गाड्या थांबल्यावरच करता येते. ते काम करणारी माणसं कमी पडू लागली आहेत, त्यांना रात्रीचा वेळ वाढवून हवा होता. कारण इतकं रास्त, की चिडायचीही सोय राहिली नाही.

बदलायच्या स्टेशनात धावत पोचलो तेव्हा शटर अर्धं खाली आलं होतं. आतल्या कर्मचाऱ्याने दोन्ही हात छातीपुढे आडवे धरून फुली केली. जपानी येत नसलं तरी ती फुली कळते. टॅक्सीला रात्री दहा ते पाच वीस टक्के जादा, आणि अंतर लांबचं. कॅप्सूल हॉटेलं, म्हणजे एका माणसाला झोपण्यापुरत्या खणांची हॉटेलं, बरीचशी फक्त पुरुषांसाठी. शेवटी यामानोतेची उरलेली गाडी पकडून पुन्हा शिबुयालाच आलो, त्याच कराओकेच्या काउंटरवर. तिथल्या मुलाच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता. पहाटे पाचपर्यंतचा दर त्याने आपणहून पुढे सरकवला.

दोननंतर कुणी गायलं नाही. पडद्यावर गाण्याच्या ओळी मुक्याने सरकत होत्या. तीनच्या सुमाराला आमच्यातल्या एकीने सांगितलं, तिने नोकरी सोडली त्याला दोन महिने झाले होते आणि घरी अजून माहीत नव्हतं. इझाकायात चार तास ती आमच्यासमोरच बसली होती, तेव्हा एक शब्द नाही. आम्हीही फार काही बोललो नाही. ऊलाँगवाली उठून तिच्या शेजारी जाऊन बसली, इतकंच.

जूनमध्ये तिथे साडेचारच्या आतच सूर्य उगवतो. बाहेर आलो तर लख्ख उजाडलेलं, कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडत होते, आणि एरवी माणसांनी फुललेल्या, स्टेशनासमोरच्या प्रसिद्ध चौकातून सायकलवरचा एकच माणूस चालला होता. हाचिकोपाशी कुणीही नव्हतं. आता भेटायला हरकत नव्हती!

यामानोतेच्या पहिल्या गाडीत चौघी एका बाकावर बसलो. पुढे बदलायचं होतं, म्हणून ऊलाँगवालीला जागं राहायला बजावलं. मी डोळे उघडले तेव्हा खिडकीबाहेर पाटी होती, शिबुया. मला वाटलं गाडी अजून हललीच नाही. घड्याळ पाहिलं, तर तासाहून जास्त वेळ उलटला होता. शेजारी ऊलाँगवाली तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती.