वागण्यातून बोलणारं दुखणं

(राधानगरी तालुक्यातलं एक घर. उपकेंद्राच्या सिस्टर सोप्यात बसल्या आहेत.)

"सिस्टर, चार दिवस झालं बघा, भाकरीला हात लावंना झालाय. सोताच्याच गालावर मारून घ्यायलाय."

आई सांगतेय. पंचविशीतला मुलगा कोपऱ्यात बसलाय, त्याचं बोलणं दोन-तीन शब्दांपुरतं. सिस्टर त्याच्या हातात बॅटरी देतात. आधी तो त्यांच्या तोंडात उजेड पाडून बघतो, मग त्या त्याच्या. मागची दाढ किडलीय, हिरडी सुजलीय.

बौद्धिक अक्षमता असलेल्या अनेकांना दुखणं सांगता येत नाही. कान ठणकतो, पोट साफ होत नाही, आणि घरच्यांना दिसतो तो हट्ट. दवाखान्यातही कधी कधी ऐकावं लागतं, "ही मुलं अशीच वागतात." या एका वाक्यानं किती साधे आजार अंगावर काढले गेले असतील!

(गगनबावड्याचा रस्ता. पाऊस.)

यातल्या अनेकांना फिट येतात. बरं वाटतंय म्हणून गोळी अचानक बंद केली, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सिस्टर आल्या की आधी गोळ्यांची पाकिटं मोजतात. पुराच्या दिवसांत इकडचा रस्ता पाण्याखाली जातो. जादा गोळ्या त्याआधीच घरात हव्यात. डाऊन सिंड्रोम असेल तर थायरॉइडची तपासणी त्या आठवणीनं करायला लावतात. वयात आलेल्या मुलीला पॅड बदलायला शिकवतात, तेही आईला शेजारी बसवून, पुन्हा पुन्हा, न कंटाळता.

ब्रिटनमध्ये या कामासाठी नर्सिंगची स्वतंत्र शाखा आहे. इंग्लंडमध्ये १४ वर्षांपुढच्या अशा व्यक्तींना दरवर्षी आरोग्य तपासणीची सोय आहे. आपल्याकडे लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं सांभाळून हे सगळं एएनएम, म्हणजे उपकेंद्राच्या सिस्टर, आणि आशाताई करतात. त्यांना यासाठी नीट प्रशिक्षण आणि वेळ मिळायलाच हवा.

(आईच्या हातात कागद.)

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, मग 'निरामय' योजनेचा वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा. अनेक घरांना ही नावं पहिल्यांदा सिस्टरांकडूनच कळतात.

"माझ्या माघारी ह्याचं कोण करणार?" आई विचारते.

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार १८ वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमता येतो, हे सिस्टर तिला समजावून सांगतात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे करायचा. मुलाच्या धाकट्या भावाला पुढच्या सोमवारी उपकेंद्रात बोलावलंय. अर्ज तिथंच बसून भरायचा ठरलाय.