आज रात्री दोन वाजता पुन्हा एक वाजणार

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या नोव्हेंबरातल्या शनिवारच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं साफसूफ करून)

नमस्कार मंडळी. मागे ऐकू येतंय ना? बरं. आज डेलाइट सेव्हिंगचा विषय मुद्दाम घेतला, म्हणजे इथे अमेरिकेत मार्चमध्ये घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरात परत मागे आणतात ते, कारण आज रात्री दोन वाजले की घड्याळ परत एकावर जाणार आणि आपल्याला एक तास जास्त झोप मिळणार, म्हणजे निदान ज्यांच्या घरात लहान मूल किंवा कुत्रा नाही त्यांना तरी. कुत्र्याला कोण सांगणार की बाबा रे, आज सहाचे पाच झालेत, झोप अजून तासभर.

माझी आई सांगलीला असते. शनिवारी रात्री अकराला मी फोन करतो, तेव्हा तिकडे रविवारचे साडेआठ झालेले असतात, तिचा चहा झालेला असतो, ती फोनपाशी बसलेली असते. पुढच्या शनिवारी मी अकरालाच फोन करणार आणि तिकडे साडेनऊ वाजलेले असणार, आणि ती म्हणणार, "काय रे, आज उशीर केलास?" वीस वर्षं झाली मी समजावतोय. एकदा सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे सरकार येऊन घड्याळाला हात लावतं आणि तुम्ही गप्प बसता?" मी हसलो तेव्हा. पण नंतर वाचत गेलो तसं कळलं की आईचा प्रश्न मुंबईनं एकेकाळी रस्त्यावर उतरून विचारला होता. तिथे येतो, आधी जरा इकडचं.

पहिली गोष्ट, हे शेतकऱ्यांसाठी सुरू झालं असं जे आपल्याला ऑफिसात कोणीतरी ठासून सांगतं ना, ते साफ उलटं आहे. शेतकरी याच्या सगळ्यात जास्त विरोधात होते. का, तर गवतावरचं दव वाळतं उन्हानं, घड्याळानं नाही. मजूर मात्र घड्याळ बघून घरी जातो, दूध न्यायची गाडीपण घड्याळावर सुटते, मग शेतकऱ्याचा सकाळचा एक तास गेला पाण्यात. गाईची तर गोष्टच सोडा. दुसरी थाप बेंजामिन फ्रँकलिनची. त्यानं १७८४ मध्ये पॅरिसच्या पेपरात एक पत्र लिहिलं होतं की लोक उशिरा उठतात आणि मेणबत्त्या जाळतात, तर पहाटे तोफा उडवून उठवा सगळ्यांना. चेष्टा होती ती. घड्याळ पुढे करा असं त्या बिचाऱ्यानं कुठेही म्हटलेलं नाही.

खरी आयडिया दोन माणसांची, आणि दोघांचंही कारण शुद्ध स्वार्थाचं, म्हणून मला दोघंही आवडतात. एक न्यूझीलंडचा जॉर्ज हडसन, पोस्टात नोकरी करायचा आणि ड्युटी संपली की किडे गोळा करायचा, संध्याकाळी उजेड कमी पडायचा म्हणून १८९५ मध्ये त्यानं म्हटलं की उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करा. दुसरा इंग्लंडातला विल्यम विलेट, घरं बांधणारा बिल्डर, पहाटे घोड्यावरून रपेट मारायचा आणि बघायचा तर आख्खं लंडन पडदे ओढून झोपलेलं. त्यानं १९०७ मध्ये स्वतःच्या पैशानं पुस्तिका काढली. त्याची योजना काय होती माहितीये? एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं पुढे, आणि सप्टेंबरात तशीच चार वेळा मागे. म्हणजे वर्षातून आठ वेळा घड्याळ! दोन वेळा करायचं तर आपण रडतोय.

विलेट १९१५ मध्ये गेला आणि पुढच्याच वर्षी त्याचं म्हणणं खरं झालं, पण केलं कोणी, तर शत्रूनं. ३० एप्रिल १९१६ ला जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीनं महायुद्धात कोळसा वाचवायला घड्याळं पुढे केली, तीन आठवड्यांत ब्रिटननं केली. अमेरिकेनं १९१८ मध्ये. युद्ध संपल्यावर शेतकऱ्यांनी इतका दंगा केला की १९१९ मध्ये काँग्रेसनं प्रेसिडेंट विल्सनचा व्हेटो बाजूला सारून तो कायदा रद्द केला. मग दुसरं महायुद्ध, पुन्हा घड्याळ पुढे, आणि त्यानंतर वीस वर्षं नुसता गोंधळ, ज्या गावाला जे वाटेल ते. ओहायोतल्या स्टुबेनव्हिलपासून वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिलपर्यंत जाणारी बस होती, पस्तीस मैलांचा प्रवास, आणि त्यात प्रवाशानं घड्याळ सात वेळा बदलायचं. तो गोंधळ मिटवायला १९६६ चा कायदा आला. त्यात राज्यांना एक पळवाट आहे, ज्याला नको त्यानं वर्षभर स्टँडर्ड टाइम, म्हणजे हिवाळ्यातलं मूळ घड्याळ, ठेवावा. ॲरिझोनानं ठेवला, तिथलं ऊन बघता संध्याकाळी आणखी एक तास सूर्य कोणाला पाहिजे? पण त्याच ॲरिझोनात तिथल्या मूळ रहिवासी नव्हाहो लोकांच्या भागात घड्याळ बदलतात, आणि त्या भागाच्या पोटात होपी लोकांचा भाग आहे तिथे बदलत नाहीत. गाडीनं सरळ जा आणि मोबाइलकडे बघत बसा, येडा होतो तो.

आता वीज वाचते का? इंडियाना राज्यात २००६ मध्ये सगळीकडे हे लागू झालं, त्याआधी थोड्याच जिल्ह्यांत होतं, त्यामुळे अभ्यासकांना आयतीच तुलना मिळाली. घरगुती विजेचा वापर साधारण एक टक्का वाढलेला निघाला. दिव्याचं बिल कमी झालं आणि एसीचं वाढलं, कारण माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा ऊन अजून तसंच. १९१६ मध्ये एसी नव्हते, हा त्यातला साधा मुद्दा आहे, पण कायदा अजून त्याच हिशोबानं चाललाय.

तब्येतीचं म्हणाल तर मार्चमधला बदल वाईट. मिशिगनमधल्या हॉस्पिटलांच्या नोंदींवरून २०१४ मध्ये एक अभ्यास आला, घड्याळ पुढे केल्यानंतरच्या सोमवारी हार्ट अटॅक २४ टक्के जास्त. हा आकडा व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतो, आपल्या ग्रुपवरपण फिरतो, पण त्याच अभ्यासात पुढे लिहिलंय की आख्ख्या आठवड्याची बेरीज केली तर फरक नाही. म्हणजे जे होणारच होते ते सोमवारी उरकले. ते वाक्य कोणी फॉरवर्ड करत नाही. असो.

नोव्हेंबरच्या रात्रीची गंमत वेगळी. आपल्यातल्या ज्या नर्स आहेत त्यांना विचारा, आज नाइट शिफ्ट असेल तर बारा तासांची तेरा तासांची होते. आणि जुळी मुलं झाली, एक एक-पन्नासला आणि दुसरं वीस मिनिटांनी, तर कागदावर दुसऱ्याची वेळ एक-दहा! धाकटा कागदोपत्री थोरला. पत्रिका करायची असेल तर गुरुजींना दहा वेळा बजावून सांगा, लग्नाच्या वेळी उगाच भानगड नको. आणि २०१३ आठवतंय का कोणाला? ३ नोव्हेंबर, रविवार, घड्याळ मागे आणि त्याच दिवशी लक्ष्मीपूजन. आदल्या दिवशी सूर्य मावळला सहाच्या जरा आधी, त्या दिवशी पाचच्या आधीच, आणि लक्ष्मीपूजन तर मावळल्यावर लगेच करायचं. आमच्या घरी पाहुण्यांना सहाला बोलावलेलं, करंज्या तळायच्या बाकी, आणि बाहेर अंधार गुडुप. त्या दिवशी मी विलेटला शिव्या घातल्या, खोटं कशाला बोलू.

तर बदलणं बंद करा, यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये लोकांचं मत मागवलं, ४६ लाख उत्तरं आली, त्यातले ८४ टक्के म्हणाले बंद करा. त्यातली तीस लाख उत्तरं एकट्या जर्मनीतली, तो भाग वेगळा. २०१९ मध्ये त्यांच्या पार्लमेंटनं मत दिलं, २०२१ पासून बंद. काय झालं? काही नाही. इथे अमेरिकेत सिनेटनं मार्च २०२२ मध्ये एकाही विरोधाशिवाय पास केलं, खालच्या सभागृहानं हातपण लावला नाही. का अडतं हे? कारण बंद करायचं म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, कुठल्या वेळेवर बंद करायचं, उन्हाळ्याच्या का हिवाळ्याच्या, आणि तिथे सगळी भांडणं सुरू होतात.

लोकांना विचारलं की म्हणतात उन्हाळ्याची ठेवा, संध्याकाळ मोठी, पोरं खेळतील. दुकानदार पण तेच म्हणतात, कारण उजेड असला की माणूस घरी जाताना खरेदीला थांबतो. हे ऐकायला छान आहे, पण करून झालंय हो! ब्रिटननं १९६८ ते १९७१ वर्षभर घड्याळ पुढे ठेवून पाहिलं, स्कॉटलंडमधले लोक काळोख्या सकाळींना कंटाळले, बंद. अमेरिकेत निक्सननं तेलाच्या टंचाईत ६ जानेवारी १९७४ ला सुरू केलं, दोन वर्षांसाठी. आदल्या डिसेंबरात ७९ टक्के लोक बाजूनं होते, फेब्रुवारीत ४२, कारण पोरं मिट्ट काळोखात टॉर्च घेऊन शाळेच्या बसला उभी. त्याच ऑक्टोबरात पुन्हा बदललं. रशियानं २०११ मध्ये केलं आणि २०१४ मध्ये उलटं फिरून कायमचा हिवाळी टाइम घेतला. तुर्कस्ताननं मात्र २०१६ पासून रेटलंय, इस्तंबूलला जानेवारीत सूर्य उगवतो साडेआठच्या सुमारास.

आता मुंबई. ही गोष्ट मला इथे बसून कळली, तिकडे शाळेत कोणी सांगितली नाही. मुंबईचा स्वतःचा टाइम होता, ग्रीनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे, सूर्य डोक्यावर आला की बारा. १८८१ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसननं सरकारी कामाला मद्रास टाइम लावला, तो अर्धा तास पुढे, लोकांनी मानला नाही, दोन वर्षांत मागे घ्यावा लागला. मग १ जानेवारी १९०६ ला आजचा साडेपाच तासांवाला स्टँडर्ड टाइम आला, म्हणजे मुंबईकरांसाठी एकोणचाळीस मिनिटं पुढे. त्याच जानेवारीत एका गिरणीतले कामगार काम सोडून बाहेर पडले, दगडफेक झाली. त्यांचं म्हणणं सोपं होतं, आम्हाला सूर्याच्या हिशोबानं पाऊण तास आधी उठवताय आणि वर म्हणताय नुसतं घड्याळ बदललंय. म्युनिसिपालिटीनं तर स्वतःसाठी जुना मुंबई टाइमच धरून ठेवला, रेल्वे एका टाइमवर आणि कॉर्पोरेशन दुसऱ्या टाइमवर, असं १९५५ पर्यंत चाललं. एकोणपन्नास वर्षं! त्यात लढाईच्या काळात, १९४२ ते ४५, सगळ्या देशाचंच घड्याळ आणखी एक तास पुढे होतं. आमचे आजोबा सांगायचे की तेव्हा थंडीत शाळेची घंटा व्हायची आणि फळ्यावरचं दिसायचं नाही.

हे का सांगतोय, तर एक गणित बघा. आज मुंबईत सूर्य डोक्यावर येतो सरासरी बारा एकोणचाळीसला. म्हणजे तुम्ही दादर-ठाण्याची माणसं, जन्मापासून कायमच्या डेलाइट सेव्हिंगवर वाढलात, फक्त एका तासाऐवजी एकोणचाळीस मिनिटांच्या. आणि कोणाला काही त्रास नाही. का नाही? कारण मुंबईत सगळ्यात लहान दिवस अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा सव्वातेराचा, भर जानेवारीतपण सव्वासातला उजाडतं. न्यूयॉर्कला डिसेंबरचा दिवस सव्वानऊ तासांचा आणि जूनचा पंधरा तासांचा. तिथे घड्याळ कायमचं पुढे केलंत तर जानेवारीत सूर्य आठ-वीसला, आणि डेट्रॉइटला नऊला. म्हणून "भारतात चालतं ना एकच टाइम" हा आपल्या लोकांचा आवडता मुद्दा इथे कामाचा नाही. आणि भारतातही सगळ्यांना कुठे चालतं, आसामात चहाच्या मळ्यांत अजून बागान टाइम आहे, एक तास पुढे.

माझं मत विचाराल तर बदलणं बंद करा आणि हिवाळ्याचा टाइम ठेवा. झोपेचे डॉक्टर पण हेच म्हणतात, सकाळचा उजेड शरीराला लागतो. मेक्सिकोनं २०२२ मध्ये हेच केलं. किंमत आहे त्याची, ती लपवत नाही, जूनमध्ये इथे साडेचारच्या आधी उजाडेल आणि पक्षी कलकलाट करतील, तुम्ही जाड पडदे घ्याल. संध्याकाळी क्रिकेट साडेसातलाच आटपावं लागेल, आमच्या टीमला ते बिलकुल आवडणार नाही, मला दोघांनी तर आत्ताच खुणेनं सांगितलंय. पण संध्याकाळच्या खेळापेक्षा मला सहा वर्षांचं पोर काळोखात बस स्टॉपवर उभं राहिलेलं जास्त खटकतं.

(एका श्रोत्यानं विचारलं, ऑफिसच्या पुण्यातल्या टीमचं काय?) हां, ते बिचारे आपलं ओझं वाहतात. त्यांनी घड्याळाला हातही लावलेला नाही आणि सोमवारपासून त्यांचा संध्याकाळचा साडेसातचा कॉल साडेआठला. त्यांचे शेअरवाले पण सांगतील, अमेरिकेचं मार्केट तिकडे सातला उघडायचं ते आता आठला. मुंबईच्या एमसीएक्सवर, म्हणजे सोन्या-तेलाच्या वायदेबाजारात, तर रात्री बंद व्हायची वेळसुद्धा आपल्या घड्याळाकडे बघून साडेअकराची अकरा पंचावन्न होते. इथल्या काँग्रेसमध्ये कोणी ठराव आडवला की तिकडे हिंजवडीत कोणाचं तरी जेवण तासभर पुढे जातं. तेव्हा सोमवारी कॉल लावणाऱ्यांनी जरा लक्षात ठेवा, एक तास आपणच आधी बसूया. आणि उद्या बालवर्ग दहालाच आहे, नव्या दहाला. मागच्या वर्षी निम्मे आईबाप नऊलाच येऊन पार्किंगमध्ये बसले होते.