बोर्नव्हिल : आधी बाग, मग घर

मंडळी, बोर्नव्हिटाचा डबा आपल्यापैकी कित्येकांच्या घरात असायचा. ते नाव ज्या गावावरून पडलं, ते बोर्नव्हिल इंग्लंडमध्ये, बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला आहे. रिचर्ड आणि जॉर्ज कॅडबरी या भावांनी 1861 मध्ये वडिलांचा कोकोचा धंदा हाती घेतला. शहरातली जागा अपुरी पडू लागली, म्हणून 1879 मध्ये त्यांनी कारखाना चार मैल बाहेर, शेतजमिनीवर नेला. शेजारी कालवा होता, रेल्वे होती, बोर्न नावाचा ओढा होता. ओढ्याच्या नावाला ‘व्हिल’ जोडलं, कारण त्या काळी फ्रेंच चॉकलेटचा दबदबा होता.

गाव मात्र नंतरचं. 1893 मध्ये जॉर्जने कारखान्यालगतची 120 एकर जमीन स्वतःच्या पैशाने घेतली आणि 1895 पासून घरं उभी राहू लागली. वास्तुरचनाकार विल्यम अलेक्झांडर हार्वे तेव्हा जेमतेम विशीत होता. घरं फक्त कॅडबरीच्या कामगारांसाठी नव्हती, हे आवर्जून सांगतो. मालक बदलला किंवा नोकरी सुटली की घरही गेलं, ही भीती इथे नव्हती.

त्या वेळी बर्मिंगहॅमचा कामगार पाठीला पाठ लावलेल्या घरांत राहत असे. मागची भिंत दुसऱ्या घराची, त्यामुळे खिडक्या फक्त पुढे. हवा आरपार जाणार कशी? शौचकूप आणि धुण्याची जागा चौकात, सगळ्यांना मिळून. बोर्नव्हिलचे नियम म्हणजे या रचनेला दिलेलं उत्तर आहे. प्लॉटच्या पाव भागापेक्षा जास्त जागा घराने व्यापायची नाही. रस्ता 42 फूट रुंद, घर रस्त्यापासून 20 फूट मागे. घरं जोडीजोडीने किंवा चारचारच्या ओळीत. मागे काढलेला लांब भाग शेजाऱ्याचा उजेड अडवतो, म्हणून तो टाळून घर रुंद आणि कमी खोल ठेवायचं. लहान घरात न्हाणीघराला जागा नसे. तिथे टब स्वयंपाकघराच्या जमिनीत बसवून वर झाकण टाकत, नाहीतर कपाटात उभा करून ठेवत.

आता बागेकडे येऊ, कारण या गावाचा जीव तिच्यात आहे. सुरुवातीच्या घरांची बाग सरासरी 600 चौरस यार्ड, म्हणजे आपले साधारण पाच गुंठे. नोकरी सांभाळून एका माणसाला नीट कसता येईल, एवढीच. भाडेकरू येण्याआधी जमीन खणून फळझाडं लावलेली असत. हे फार शहाणपणाचं होतं : शहरात वाढलेल्या माणसाला कोरी, घट्ट माती दिली, तर तो पहिल्याच हंगामात हात टेकतो. घराजवळ हिरवळ आणि फुलं, मध्ये भाजीपाला, टोकाला सफरचंद आणि नासपती. पाठीमागच्या घराची बागही तशीच, त्यामुळे दोन घरांमध्ये झाडांचा आडोसा आपोआप तयार होतो. पुढच्या बाजूला भिंतीऐवजी काटेरी झुडपांचं कुंपण.

पहिली मोठी चूक जमिनीच्या व्यवहारात झाली. सुरुवातीची घरं 999 वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकली आणि त्यासाठी स्वस्त कर्जही दिलं. काहींनी ती चढ्या भावाने पुढे विकली. ज्यांच्यासाठी घर बांधलं, त्यांच्याच आवाक्याबाहेर ते जाऊ लागलं. म्हणून डिसेंबर 1900 मध्ये जॉर्जने 330 एकर जमीन आणि 313 घरं बोर्नव्हिल व्हिलेज ट्रस्टच्या हवाली केली. भाड्यातून उरलेला पैसा पुन्हा घरांतच घालायचा, अशी व्यवस्था झाली. कॅडबरी क्वेकर या दारूपासून दूर राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे, त्यामुळे गावात दारूचा गुत्ता नव्हता. हिरवळीभोवती शाळा, प्रार्थनाघर आणि दुकानं आली. शाळेच्या मनोऱ्यावरच्या घंटांचा संच 1906 चा.

दुसरं संकट 1967 मध्ये कायद्याने आणलं. दीर्घ भाडेपट्ट्यावरच्या घरमालकांना जमीनही विकत घेण्याचा हक्क मिळाला. रहिवाशांच्या दृष्टीने ते न्याय्यच होतं. पण जमीन गेली की पट्ट्यातल्या अटीही जाणार. त्यावर तोड म्हणून त्याच कायद्यातली व्यवस्थापन योजना, म्हणजे जमीन विकल्यावरही घरांवर नियम चालू ठेवण्याची सोय, ट्रस्टने लागू करून घेतली. आज सुमारे 1,000 एकरांवर 7,800 घरं आहेत. योजनेखालच्या घरांना खिडकी बदलायची, खोली वाढवायची, झाड तोडायचं, तर परवानगी लागते. सर्वांत जास्त ओढाताण होते ती पुढच्या 20 फुटांवरून. गाडी उभी करायला प्रत्येकाला तीच जागा दिसते. एकाने कुंपण काढून फरशी घातली की शेजारी तेच मागतो, आणि रस्त्याची हिरवी कड घराघराने तुटत जाते.